मुलाच्या हृदयाला छिद्र आहे आणि रक्ताचा जन्मजात आजारही आहे: ऑपरेशनची तारीख घेण्याआधी काय, कधी, कुठल्या क्रमाने

दरवेळी तेच होतं. खूप खटपट करून ऑपरेशनची तारीख मिळते, घरचे सुट्ट्या टाकतात, आजी सोबतीला येते, आणि भरतीच्या दिवशी भूल देणारे डॉक्टर विचारतात की अजून काही आजार आहे का? तेव्हा आई हळूच सांगते की हो, थॅलेसीमिया पण आहे, दर तीन आठवड्यांनी रक्त चढतं. तारीख रद्द. हृदयवाल्यांना रक्ताचं माहीत नसतं, रक्तवाल्यांना वाटतं हृदयाचं तिकडे चालूच आहे, आणि दोन फायली घरात दोन वेगवेगळ्या पिशव्यांत.

इंदूरला हे जास्त दिसायचं कारण साधं आहे. झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानी या पट्ट्यात सिकल सेल (लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आजार) भरपूर, शहरात थॅलेसीमियाची मुलंही बरीच, आणि हृदयाचे जन्मजात दोष तर कुठेही गेलात तरी हजार जिवंत जन्मांत साधारण ८ ते ९ बाळांना असतातच. मग काही घरांत दोन्ही एकत्र येणारच. मी डॉक्टर नाही, रक्ताच्या मुलांच्या घरच्यांबरोबर दवाखान्यात जात असतो. त्यामुळे डोस वगैरे इथे शोधू नका, ते तुमचे डॉक्टरच ठरवणार. इथे फक्त क्रम आहे, आणि कोणाला काय विचारायचं ते.

टप्पा १: रक्ताचा आजार नेमका कुठला ते कागदावर पक्कं करा

"रक्त कमी आहे" हे निदान नाही. "खानदानी आहे, मामालापण होतं" हेही नाही, पण मामाचं अवश्य सांगा कारण हिमोफिलिया, म्हणजे रक्त न गोठण्याचा आजार, आईकडूनच मुलाकडे जातो आणि पहिला धागा बहुतेक वेळा मामापाशीच सापडतो.

सिकल सेल आणि थॅलेसीमियासाठी एचपीएलसी नावाची जांच असते, रक्तात कुठल्या प्रकारचं हिमोग्लोबिन किती ते सांगणारी. ती रक्त चढवायच्या आधी करायची. सगळ्यात जास्त गडबड इथेच होते, कारण मूल पांढरं पडलेलं असतं, घाईत रक्त चढतं आणि नमुना दुसऱ्या दिवशी जातो, मग रिपोर्ट येतो तो अर्धा मुलाचा आणि अर्धा रक्तदात्याचा. रक्त चढून गेलंच असेल तर साधारण तीन महिने थांबावं लागतं. हृदयासाठी तेवढा वेळ नसेल तर आईवडील दोघांची एचपीएलसी करा, किंवा मुलाची जनुकीय तपासणी, तिच्यावर चढवलेल्या रक्ताचा फारसा परिणाम होत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात बाळपणीचं हिमोग्लोबिनच जास्त असतं, म्हणून तेव्हाचा "नॉर्मल" रिपोर्ट थॅलेसीमियासाठी शेवटचा धरू नका, वर्षाच्या पुढे परत करा.

रक्त थांबत नाही अशी तक्रार असेल, म्हणजे सुईच्या जागी गाठ येते, दात पडला की रात्रभर रक्त, निळे डाग, तर पीटी आणि एपीटीटी (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या जांचा) करा आणि एपीटीटी जास्त आला की पुढे फॅक्टर आठ आणि नऊ, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांची पातळी. एपीटीटी नॉर्मल आला म्हणून सुटलो असं समजू नका, फॉन विलेब्रांड या रक्त न थांबण्याच्या दुसऱ्या आजारात तो बऱ्याचदा नॉर्मलच असतो आणि त्याच्या जांचा वेगळ्या आहेत. दुर्मिळ फॅक्टरचं किंवा गुंतागुंतीचं काही असेल तर नमुना मुंबईला केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटोलॉजी संस्थेत (एनआयआयएच) पाठवता येतो, तुमचे रक्ताचे डॉक्टर पत्र देतील.

जी-सिक्स-पीडी हे लाल पेशींना जपणारं एन्झाइम कमी असणं हा तिसरा प्रकार. याची जांच स्वस्त आहे आणि कोणाच्या डोक्यातच येत नाही. कावीळ होऊन, लघवी काळपट होऊन रक्त फुटलेलं असताना किंवा रक्त चढवल्यावर लगेच केली तर खोटी नॉर्मल येऊ शकते.

सावध: हृदयदोषामुळे ऑक्सिजन कमी पडून निळं पडणाऱ्या मुलाचं रक्त घट्ट असतं. हिमॅटोक्रिट (रक्तात लाल पेशींचा वाटा) ५५ टक्क्यांच्या वर असेल तर गोठण्याच्या जांचेच्या निळ्या झाकणाच्या नळीतलं औषध कमी करावं लागतं, नाहीतर पीटी-एपीटीटी खोटे वाढलेले येतात आणि नसलेल्या आजाराच्या मागे आठवडे जातात. नमुना देतानाच लॅबवाल्याला सांगा की मूल निळं पडतं आणि हिमॅटोक्रिट इतका आहे.

सावध: कारण कळायच्या आत लोहाचं टॉनिक सुरू करू नका. थॅलेसीमियाच्या मुलात लोह आधीच साठत असतं. उलट निळ्या मुलात लोहाची खरी कमतरताही असू शकते. म्हणून फेरिटिन, म्हणजे साठलेल्या लोहाची जांच आधी, बाटली नंतर.

अजून एक, घाईघाईत विसरतं ते. काही सिंड्रोममध्ये हृदय आणि रक्त दोन्ही एकाच मुळातून बिघडलेलं असतं. नूनन सिंड्रोममध्ये बरेचदा फुफ्फुसाकडे जाणारी झडप अरुंद असते आणि सोबत रक्त गोठण्याची गडबड असू शकते. २२क्यू११ डिलीशनमध्ये (२२ व्या गुणसूत्राचा छोटा तुकडा नसतो) फॅलोटसारखे, म्हणजे मूल निळं पाडणारे हृदयदोष आणि प्रतिकारशक्ती कमी. फँकोनी, डायमंड-ब्लॅकफॅन हे रक्त कमी बनण्याचे आजारही असेच. मुलाचा चेहरा, अंगठा, कान, उंची काही वेगळं वाटत असेल तर जनुकीय डॉक्टरांना दाखवायचं का, एवढं नक्की विचारा.

टप्पा २: हृदयाचं किती घाईचं आहे ते विचारा

घरच्यांच्या दोन टोकाच्या समजुती असतात. एक, "आधी रक्त ठीक होऊ दे मग हृदय बघू." दुसरी, "आत्ताच्या आत्ता करून टाका." दोन्ही महागात पडतात.

छोटं व्हीएसडी (हृदयाच्या खालच्या कप्प्यांमधलं छिद्र) कित्येकदा आपोआप बंद होतं. मोठ्या व्हीएसडीत वाट बघत बसलात तर फुफ्फुसांतला दाब वाढत जातो आणि एका मर्यादेनंतर ऑपरेशनच करता येत नाही, तिथे रक्ताच्या नावाखाली वर्ष काढणं म्हणजे दार बंद होताना बघत राहणं. एएसडी (वरच्या कप्प्यांमधलं छिद्र), पीडीए (जन्मानंतर बंद न झालेली नळी) यात बरेचदा छाती न उघडता, रक्तवाहिनीतून छत्री बसवून काम होतं. फॅलोटचं मूल निळं पडतं, एकदम निळं पडायचे झटके येतात, त्याची घाई वेगळी. आणि सिकलचं मूल निळंही पडत असेल तर दुप्पट काळजी, कारण ऑक्सिजन कमी झाला की त्याच्या पेशी वाकड्या होतात.

मग इकोकडे, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीकडे या. हिमोग्लोबिन खूप कमी असलं की हृदय जोरात पळतं, मोठं दिसतं, छिद्रातून रक्तही जास्त वाहतं, आणि नुसत्या रक्तक्षयानेही छातीत मरमर, म्हणजे हृदयाचा जादा आवाज, ऐकू येतो. म्हणून इकोच्या कागदावर त्या दिवशीचं हिमोग्लोबिन पेनाने लिहून ठेवा. पाच हिमोग्लोबिनवर केलेला इको आणि दहावर केलेला इको शेजारी ठेवून "वाढलंय" म्हणणं चुकीचं ठरू शकतं.

निळ्या मुलात उलटी गोष्ट आहे. त्याचं हिमोग्लोबिन ११ आलं की सगळे खूश होतात, पण कमी ऑक्सिजनवर जगणाऱ्या मुलाला ते जास्त लागतं, त्याच्यासाठी ११ म्हणजे रक्त कमीच.

तपासा: पुढे जायच्या आधी तुमच्याकडे तीन कागद हवेत. रक्ताचं पक्कं निदान, हिमोग्लोबिन लिहिलेला इको, आणि हृदयाच्या डॉक्टरांच्या अक्षरात "किती महिन्यांत". तोंडी सांगितलेलं धरू नका.

टप्पा ३: दोन्ही डॉक्टरांना एका कागदावर आणा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच आणि लोक उडी मारतात तो याच्यावरूनच. तारीख मागायच्या आधी रक्ताच्या डॉक्टरांकडून हृदयाच्या टीमच्या नावाने पत्र घ्या. टीम म्हणजे सर्जन एकटा नाही, भूल देणारे डॉक्टर आणि हार्ट-लंग मशीन (ऑपरेशनात हृदय-फुफ्फुसांचं काम करतं ते) चालवणारा परफ्युजनिस्टसुद्धा. पत्रात हे हवं: निदान, शेवटचं रक्त कधी चढलं, नेहमीचं हिमोग्लोबिन, रक्तगट आणि दुसऱ्याच्या रक्ताविरुद्ध तयार झालेल्या अँटिबॉडी, चालू औषधं, कुठली औषधं चालत नाहीत, ऑपरेशनआधी किती पातळी आणायची, आणि ऑपरेशननंतर रात्री दोन वाजता फोन कोणाला करायचा. शेवटचं हसून सोडून देऊ नका.

तिकडे सर्जनला विचारा की छत्री का ऑपरेशन. हा प्रश्न रक्ताच्या आजारात नुसता सोयीचा राहत नाही. छत्री बसवल्यावर साधारण सहा महिने ॲस्पिरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध द्यायची पद्धत आहे, ते हिमोफिलियाच्या मुलाला कसं द्यायचं? धातूची झडप बसवली तर वॉर्फरिन आयुष्यभर. म्हणजे जे ऑपरेशन सोपं दिसतं तेच पुढे जड जाऊ शकतं, आणि हे दोन्ही डॉक्टर एकमेकांशी बोलल्याशिवाय ठरत नाही. इंदूरला एक डॉक्टर एका टोकाला दुसरा दुसऱ्या टोकाला, प्रत्यक्ष भेट जमत नाही, तर फोनवर जोडून द्या. थोडं मागे लागावं लागतं, लागा.

मुंबई, अहमदाबाद किंवा नवा रायपूरला जाणार असाल तर हे पत्र इथूनच पाठवा आणि विचारा की तुमच्याकडे रक्ताचे डॉक्टर आणि रक्तपेढी दोन्ही आहेत ना. नुसतं हृदयाचं चांगलं हॉस्पिटल असून भागत नाही.

टप्पा ४: आजाराप्रमाणे तयारी

सिकल सेल. मशीनवर असताना शरीर थंड करतात, रक्ताचा वेग बदलतो, आम्लता वाढू शकते, आणि या सगळ्या गोष्टींनी पेशी वाकड्या होतात. म्हणून मोठ्या ऑपरेशनआधी एचबीएसचं, म्हणजे सिकलच्या हिमोग्लोबिनचं प्रमाण साधारण ३० टक्क्यांच्या खाली आणतात, काही ठिकाणी अजून खाली, आणि हिमोग्लोबिन १० च्या आसपास ठेवतात. हिमोग्लोबिन आधीच कमी असेल तर साधं रक्त चढवून चालतं. आधीच ९-१० असेल तर वरून अजून ओतल्याने रक्त घट्ट होतं, तिथे एक्सचेंज लागतं, म्हणजे थोडं काढायचं थोडं घालायचं. "जास्त रक्त म्हणजे जास्त ताकद" हे इथे खरं नाही. एक्सचेंजनंतर परत एचपीएलसी करून आकडा बघा, अंदाजाने नको. हायड्रॉक्सीयुरिया हे सिकलचं रोजचं औषध स्वतःहून बंद करू नका. फक्त ट्रेट असेल, म्हणजे वाहक, तर बहुतेकांना एक्सचेंज लागत नाही, पण टीमला सांगायचं मात्र आहेच.

थॅलेसीमिया. ऑपरेशन नेहमीच्या चक्राच्या शेवटी, म्हणजे हिमोग्लोबिन सगळ्यात खाली असताना येऊ नये, तारीख तशी जुळवून मागा. लोह किती साठलंय ते फेरिटिनवर आणि मोठ्या मुलात हृदयाच्या एमआरआयवर कळतं. त्यात टी-टू-स्टार नावाचा आकडा असतो, २० मिलिसेकंदाच्या वर बरा, १० च्या खाली गंभीर. लोह साठलेलं हृदय मशीनवरून उतरताना आणि नंतरही त्रास देऊ शकतं, म्हणून तो आकडा सर्जनला आधी माहीत हवा. लोह काढायच्या गोळ्या कधी थांबवायच्या तेही लिहून घ्या: डेफेरासिरॉक्सने किडनीवर ताण येतो, डेफेरिप्रोनने पांढऱ्या पेशी एकदम पडू शकतात. प्लीहा काढलेली असेल तर ठळक सांगा, त्या मुलात रक्ताच्या गाठी आणि जंतुसंसर्ग दोन्हीचा धोका जास्त असतो.

हिमोफिलिया. मोठ्या ऑपरेशनआधी फॅक्टरची पातळी ८० ते १०० टक्क्यांपर्यंत नेतात आणि नंतर हळूहळू कमी करत दोन आठवड्यांपर्यंत सांभाळतात. फॅक्टर आठचा किलोमागे एक युनिट पातळी साधारण २ टक्के वाढवतो, नऊचा साधारण १ टक्का. हा हिशोब तुम्हाला यासाठी माहीत हवा की एकूण किती बाटल्या लागतील त्याचा अंदाज येतो. पहिल्या दिवसापुरता साठा गोळा करून भरती होणं ही नेहमीची चूक, चौथ्या दिवशी शनिवार असतो आणि स्टॉक संपलेला असतो. त्याआधी इन्हिबिटरची, म्हणजे शरीराने फॅक्टरविरुद्ध तयार केलेल्या अँटिबॉडीची जांच करा. इन्हिबिटर असेल तर नेहमीचा फॅक्टर कामच करत नाही, सगळी योजना वेगळी.

मूल एमिसिझुमॅबवर (हिमोफिलियात रक्तस्राव टाळायचं इंजेक्शन) असेल तर हे मोठ्या अक्षरात लिहा: या औषधामुळे एपीटीटी आणि मशीनवर बघतात ती एसीटी जांच दोन्ही चुकीचे आकडे दाखवतात. हेपॅरिन (मशीनवर रक्त गोठू नये म्हणून देतात ते औषध) किती झालं हे त्यावरून कळत नाही, वेगळी जांच लागते आणि तिची सोय आधी करावी लागते.

जी-सिक्स-पीडी. चालत नाहीत अशा औषधांची यादी फाइलच्या पहिल्या पानावर चिकटवा. हृदयाच्या ऑपरेशनात खास लक्षात ठेवायचं नाव मिथिलीन ब्ल्यू, कारण मशीननंतर रक्तदाब पडला तर काही ठिकाणी ते देतात आणि या मुलात त्याने रक्त फुटतं. घरी डांबर गोळ्या कपाटातून काढून टाका, आजीच्या शालीतल्यासुद्धा.

टप्पा ५: रक्ताची सोय

"आमच्या घरात दहा जण रक्त द्यायला तयार आहेत." फार चांगलं, पण मुलाला आईवडील, सख्खे भाऊ-बहीण, मामा-काका यांचं रक्त थेट देऊ नका. जवळच्या नात्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मुलाच्या शरीरावर उलटू शकतात, ते रक्त किरणोत्सर्ग करूनच, म्हणजे किरणांनी त्या पेशी निकामी करूनच द्यावं लागतं. आणि उद्या बोनमॅरो ट्रान्सप्लांट करायचं ठरलं तर नात्यातल्या रक्ताने शरीर आधीच बिथरलेलं असतं. घरच्यांनी रक्तपेढीत द्यावं, मुलाला दुसऱ्याचं मिळावं.

रक्तपेढीत विचारायचं ते असं:

अँटिबॉडी स्क्रीन झाली का? वारंवार रक्त चढलेल्या मुलात जुळणारी बाटली शोधायला दिवस लागू शकतात, त्यामुळे नमुना निदान आठवडाभर आधी द्या. आरएच आणि केल हे रक्ताचे बाकीचे गट जुळवलेत का? पांढऱ्या पेशी काढलेलं रक्त आहे का? सिकलच्या मुलासाठी दात्याचं रक्त सिकल निगेटिव्ह आहे का? आपल्या भागात हे विचारायलाच हवं, वाहक माणूस ठणठणीत असतो आणि शिबिरात आनंदाने रक्त देतो. २२क्यू११ असेल तर किरणोत्सर्ग केलेलं रक्त. ते जुनं झालं की त्यात पोटॅशियम वाढतं, म्हणून किरणोत्सर्ग ऑपरेशनच्या अगदी जवळ करायला सांगा.

सावध: ऑपरेशन दिवाळी, होळी किंवा परीक्षेच्या दिवसांत असेल तर दाते कमी होतात. प्लेटलेट जेमतेम ५ दिवस टिकतात, साठवून ठेवता येत नाहीत. दात्यांची नावं आधी काढून ठेवा.

पैशांचं इथेच सांगून टाकतो, कारण कागद याच वेळी जमवायचे. आयुष्मान कार्डावर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. मध्यप्रदेशात मुलांच्या हृदयासाठी मुख्यमंत्री बाल हृदय उपचार योजना आहे, तिची सुरुवात जिल्हा रुग्णालयातल्या आरबीएसकेच्या (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम) केंद्रातून होते, तिथली पर्ची नसेल तर पुढचं अडकतं. थॅलेसीमिया, हिमोफिलिया, सिकल सेल हे तिन्ही २०१६ च्या दिव्यांग कायद्यात आहेत, त्याचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढून ठेवा. नवा रायपूरच्या सत्य साई संजीवनीत मुलांची हृदयाची ऑपरेशनं मोफत होतात.

टप्पा ६: शेवटचे पंधरा दिवस

दात दाखवा. किडलेल्या दातातले जंतू रक्तातून हृदयाच्या झडपेवर बसतात. पण हिमोफिलियात दात काढायलाही फॅक्टर लागतो, म्हणून हे आधी रक्ताच्या डॉक्टरांना सांगून.

सर्दी, खोकला, ताप आला तर लपवू नका, तारीख जाईल म्हणून पॅरासिटामॉल देऊन नेलेली मुलं मी बघितली आहेत. भूल देणाऱ्यांना शंका आली की ते परत पाठवतातच.

प्रवास मुंबईच्या अवंतिका एक्सप्रेसने असेल तर एसीत सिकलच्या मुलाला मोजे, टोपी, आणि दर थोड्या वेळाने पाणी. पाणी किती द्यायचं ते हृदयाच्या डॉक्टरांना विचारून, कारण हार्ट फेल्युअरच्या मुलाला पाणी मोजून असतं. इथे दोन आजार दोन दिशांना ओढतात आणि एकाच डॉक्टरचं ऐकून चालत नाही.

हिमोफिलियाच्या मुलाला दंडात किंवा मांडीत स्नायूतलं इंजेक्शन देऊ देऊ नका, आणि ताप-दुखण्याला आयब्युप्रोफेन नको.

टप्पा ७: ऑपरेशनच्या दिवशी

उपाशी म्हणजे किती उपाशी ते तासांत लिहून घ्या. साधं पाणी बहुतेक ठिकाणी भूल देण्याच्या दोन तास आधीपर्यंत चालतं, घरचे मात्र रात्री आठपासून थेंब देत नाहीत. सिकलच्या मुलाला आणि घट्ट रक्ताच्या निळ्या मुलाला हे फार वाईट. पहिला नंबर मागा, नाही मिळाला तर सलाईन लावायला सांगा. आणि उलट टोक: रडतोय म्हणून दोन घास पोहे भरवायचे नाहीत, तारीख तिथेच गेली.

तपासा: आत नेण्याआधी टप्पा ३ चं पत्र फाइलच्या वर आहे का, रक्त राखून ठेवलंय का, फॅक्टरचा डोस किती वाजता गेला. बास. बाकी त्यांचं काम.

टप्पा ८: नंतर

आयसीयूत तुम्हाला फारसं सोडत नाहीत, पण वॉर्डात आल्यावर डोळे तुमचेच. सिकलच्या मुलात दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून ताप, छातीत दुखणं, धाप, ऑक्सिजन कमी, यातलं काहीही दिसलं की लगेच नर्सला सांगा, "ऑपरेशनचं दुखतंय" म्हणून बसू नका. तो अक्यूट चेस्ट सिंड्रोम, म्हणजे सिकलमुळे फुफ्फुसांवर आलेलं संकट असू शकतो आणि तो वाट बघत नाही. फुंकायचं खेळणं देतात ते दर तासाला फुंकायला लावा, मूल कंटाळतं, तरी.

हिमोफिलियात टाके छान दिसतात म्हणून फॅक्टर लवकर बंद केला जातो आणि आठव्या-दहाव्या दिवशी रक्त येतं. वेळापत्रक पूर्ण करा. थॅलेसीमियात नेहमीचं रक्त चक्र कधी सुरू करायचं आणि लोह काढायची गोळी परत कधी, हे दोन्ही डिस्चार्जच्या कागदावर लिहून घेतल्याशिवाय गाडीत बसू नका. नाहीतर गोळी "ऑपरेशन झालंय ना" या कारणाने महिनोन्‌महिने बंद राहते.

डिस्चार्जच्या दोन झेरॉक्स, एक रक्ताच्या डॉक्टरांना त्याच आठवड्यात. त्याच भेटीत भावंडांची एचपीएलसी करून घ्या. आणि पुढचं मूल हवं असेल तर दिवस राहिल्या राहिल्या सांगा: रक्तासाठी गर्भाची तपासणी १० ते १२ आठवड्यांच्या सुमारास होते, गर्भाच्या हृदयाचा इको १८ ते २२ आठवड्यांत, आणि पहिल्या तपासणीसाठी आईवडिलांची जनुकीय जांच त्याच्या आधी झालेली लागते.